कोणतंही एक पान काढा

पत्त्यांची जादू बघायला गेलं की आधी जादूगाराच्या आजोबांची माहिती ऐकून घ्यावी लागते, असा अलीकडे नियमच झालेला दिसतो. पडदा सरकतो. मंचावर एक टेबल, एक खुर्ची आणि वरून पडणारा पिवळा उजेड. काळा शर्ट घातलेला एक तरुण खिशातून पत्त्यांचा जुना कॅट काढतो, त्याच्याकडे थोडा वेळ बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, ‘हा माझ्या आजोबांचा.’ हे आजोबा हयात नसतात. कुठल्याच जादूगाराचे नसतात. ते बोटीवर नोकरीला असतात किंवा कोकणातल्या घरी एकटे राहत असतात, त्यांची बोटं लांबसडक असतात, आणि एका पावसाळी रात्री दिवे गेलेले असताना ते नातवाला पहिली जादू शिकवतात. बाकीची नातवंडं त्या रात्री कुठे होती, हे कोणी सांगत नाही.

आमचे आजोबाही पत्ते खेळत. मेंढीकोट. भिडूने वेळेवर हुकूम टाकला नाही की ते हातातली पानं पालथी ठेवत आणि त्या भिडूच्या घराण्याविषयी चार शब्द बोलत. मागे त्यांनी कॅट ठेवला नाही, भाडेकराराचे कागद ठेवले. त्यावर दीड तासाचा प्रयोग बसवता येतो हे आम्हाला सुचलं नाही. त्या कागदांतून आजवर काही गायब झालेलं नाही आणि काही नवीन निघालेलंही नाही.

यात आपल्याकडच्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही, कारण ही साथ जगभर आहे. हेल्डर गिमाराइश नावाचा पोर्तुगीज जादूगार आहे. २०२० साली, सगळे घरांत कोंडलेले असताना, त्याने लॉस एंजेलिसच्या गेफन प्लेहाऊसतर्फे ‘द प्रेझेंट’ हा प्रयोग झूमवर केला. तिकीट काढणाऱ्याच्या घरी आधी एक बंद खोकं यायचं आणि तो सांगेपर्यंत ते उघडायचं नसायचं. प्रयोगातली गोष्ट लहानपणी घरात अडकून पडलेल्या नातवाची आणि त्याच्या आजोबांची. थोडक्यात, आजोबा आता घरपोच मिळू लागले.

जुन्या जादूगारांचं असं नव्हतं. जादूगार रघुवीर किंवा पी. सी. सरकार यांच्या काळी झगमगते पोशाख असत, संगीत असे, पेट्या असत. त्या पेटीशी आपलं नातं काय, हे कोणी सांगत बसत नसे. १९५६च्या एप्रिलमध्ये सरकारांनी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात आपल्या सहायक मुलीला विजेच्या करवतीखाली आडवं केलं. करवत फिरली, मुलगी उठून उभी राहायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली, आणि मुलगी मेली असं समजून घाबरलेल्या प्रेक्षकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, ती जिवंत आहे का. तिचं बालपण कसं गेलं, याची कोणाला पडलेली नव्हती.

पत्त्यांना गोष्ट चिकटवण्याचा उद्योग मात्र जुना आहे, आणि तो सुरू करणाऱ्यांत एक सरकारी नोकर होता हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात योहान नेपोमुक होफझिन्सर नावाचे गृहस्थ दिवसा सरकारी कचेरीत बसत आणि संध्याकाळी दिवाणखान्यात मोजक्या पाहुण्यांसमोर पत्त्यांचे खेळ करत. नोकरीत असल्यामुळे कार्यक्रमाला नाव बायकोचं. प्रत्येक खेळाला एक नाजूक कथानक जोडलेलं, राणीचा राजावर जीव वगैरे. पत्त्यांची जादू म्हणजे जादूकलेतली कविता, असं त्यांचं मत. १८७५मध्ये ते वारले तेव्हा आपली सगळी टिपणं जाळून टाकावीत अशी त्यांची इच्छा होती. पुढे शिष्यांनी आठवून आठवून सांगितलं आणि त्याची पुस्तकं झाली. फाईल जाळली तरी प्रकरण संपत नाही, हा कचेरीतला अनुभव इथेही खरा ठरला.

गोष्टीला माझा विरोध नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि लोकांना खुर्चीतून पडेपर्यंत हसवलं. त्यांचे हात सगळ्यांना दिसत होते आणि हातांत काही नव्हतं. मध्येच थांबून त्यांनी कुणाला मंचावर बोलावलं नाही, की कथेतलं कोणतंही एक पात्र मनात धरा आणि शेजाऱ्याला सांगू नका, असं म्हटलं नाही.

पत्तेवाल्याच्या गोष्टीचं पहिल्या वाक्यापासून दुसरीकडेच लक्ष असतं. ‘आणि त्या रात्री आजोबांनी माझ्याकडे बघितलं...’ असं म्हणून तो मान वर करतो. बोलणाऱ्याची मान वर झाली की ऐकणाऱ्यांच्याही होतात. तेवढ्यात खाली डावा हात आपलं काम उरकून घेतो. बारकाईने बघाल तर गोष्टीतल्या गहिवराच्या जागा आणि हाताच्या कामाच्या जागा एकच निघतील. आजी आजारी पडली की समजावं, एक पान तळहातात गेलं. वडिलांनी बोलणं टाकलं की समजावं, वरचं पान खाली आलं. शेवटी सगळे एकत्र जेवायला बसतात तेव्हा तर जवळजवळ अख्खा कॅट बदललेला असतो.

हे लक्षात आल्यापासून मला धड रडता येत नाही. आजी गेली की मी टेबलाकडे बघतो. शेजारच्या बाई रुमाल काढतात आणि हा माणूस आहे की कोण, अशा नजरेने माझ्याकडे बघतात. बरं, टेबलाकडे बघूनही काही हाती लागत नाही, कारण पोरगा आपल्या कामात तरबेज असतो. शिवाय पान असतं जेमतेम ९ सेंटिमीटर लांबीचं. आठव्या रांगेतून बदाम की चौकट एवढंच कळायलाही नजर लागते. म्हणून हल्ली टेबलावर कॅमेरा लावून मागच्या पडद्यावर हात दाखवतात, आणि आपण घरातून निघून, पार्किंग शोधून, पुन्हा पडद्याकडेच बघत बसतो. गोष्टही हातची जाते आणि हातही हातचा जातो. तिकीट मात्र दोन्हींचं घेतलेलं असतं.

याहून अवघड एक प्रकार आहे. त्यात जादूगार गोष्ट सांगत जातो आणि गोष्टीत जे येईल ते पान कॅटातून वर निघत जातं. हॉटेलात सामान उचलणाऱ्या सॅम नावाच्या पोऱ्याची अशी एक गोष्ट अमेरिकेत बिल मलोन या जादूगाराने खूप गाजवली. मध्ये मध्ये तो कॅट पिसतो, काटतो, तरी पुढचं पान गोष्टीला हवं तेच. आपल्याकडेही कोणीतरी तिचा मराठी अवतार करतोच. नायक सातच्या गाडीने येतो, निघते किलवर सत्ती. स्टेशनवर त्याला तीन मित्र भेटतात, निघतात तीन गुलाम. टाळ्या पडतात.

मला काळजी त्या गोष्टीतल्या माणसांची वाटते. पानांचा क्रम आधी आणि आयुष्य नंतर, अशा जगात ती राहतात. तिथे कोणाला पाचवा भाऊ होत नाही, कारण राजे चारच. बायकाही चारच आणि चौघी राण्या. आत्या नाही, मावशी नाही, भांडी घासायला येणाऱ्या बाई नाहीत. मराठी गोष्टीत आत्याच नसेल तर लग्नघरात भांडण लावायचं कोणी? नायक मनात आलं म्हणून आठऐवजी नऊ वाजता घरी येऊ शकत नाही, कारण नव्वी आधीच खर्ची पडलेली असते. इतक्या शिस्तीत जगणाऱ्या माणसाचं शेवटी भलं होणारच. त्यात नवल ते काय?

आता प्रेक्षकाला करावी लागणारी कामं. कडेची खुर्ची मिळाली की ती आपल्याकडे येतात. ‘कोणतंही एक पान काढा,’ असं म्हणून जादूगार पानांचा पंखा पुढे करतो, आणि त्यातलं एक पान इतरांपेक्षा जरा जास्तच आपुलकीने बोटांशी येतं. ते सोडून दुसरं काढलं तर तो म्हणतो, ‘नक्की? बदलायचंय?’ हा प्रश्न एरवी फक्त साडीच्या दुकानात ऐकू येतो. मग पानावर सही करा. छातीशी धरा. परत ठेवा. आता पिसा. कॅट नवा कोरा आणि गुळगुळीत असतो, समोर दोनशे माणसं असतात, आणि घरी सतरंजीवर बसून बदाम सात खेळणाऱ्याला उभ्याने पिसायची सवय नसते. पानं सांडतात. त्यावर जादूगार ताबडतोब एक विनोद करतो. विनोद इतका घोटलेला असतो की पानं सांडणार हे त्याने घरीच ठरवलेलं दिसतं.

यानंतर ते पान वीस मिनिटं डोक्यात सांभाळायचं. तेवढ्या वेळात तो त्याच्या शाळेतल्या मास्तरांची गोष्ट सांगतो. गॅस बंद केला का, दाराला कुलूप नीट लागलं का, एवढी यादी डोक्यात घेऊन माणूस नाटकाला आलेला असतो. तिच्यात आता चौकट पंजीची भर. मास्तर निवृत्त होतात, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्यांच्या चष्म्याच्या डबीतून घडी घातलेली चौकट पंजी निघते. ‘हेच का तुमचं पान?’ आता आश्चर्य दाखवायचं. आमच्या घराण्यात आश्चर्य चेहऱ्यावर दाखवायची पद्धत नाही. फार झालं तर ‘बरं’ म्हणतात. मी ‘बरं’ म्हणालो. जादूगाराने पुन्हा विचारलं. मी पुन्हा ‘बरं’ म्हणालो. सभागृहात जी शांतता पसरली तिचं खापर माझ्यावर फुटलं.

जोडप्यांचे हाल वेगळे. एका खेळात नवरा-बायकोला वर बोलावतात, दोघांनी वेगवेगळ्या पानांवर सह्या करायच्या, आणि शेवटी दोन पानांचं एकच पान होतं, एका बाजूला त्याची सही, दुसऱ्या बाजूला तिची. खेळ सुंदर आहे. पण त्याआधी गोष्ट लागते, म्हणून जादूगार विचारतो, ‘तुम्ही पहिल्यांदा कुठे भेटलात?’ हा प्रश्न परदेशातून जसाच्या तसा आलेला आहे. तिथे उत्तर येतं, पॅरिसमध्ये, पावसात. इथे नवरा सांगतो, हिच्या काकांकडे, दोन्हीकडचे मामा होते, पोह्यांत मीठ कमी होतं. बायको म्हणते, मीठ बरोबर होतं. मीठ ठरेपर्यंत जादू थांबते. मग ते एक झालेलं पान घेऊन दोघं खाली येतात आणि ते कोणाच्या पर्समध्ये ठेवायचं यावर पुन्हा दोन होतात.

मध्येच गणित येतं. बावन्न पानं किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात? साधारण आठावर सदुसष्ट शून्यं इतक्या. ‘म्हणजे तुम्ही आत्ता पिसलेला क्रम जगाच्या इतिहासात कधी आलाच नसेल!’ हिशोबाला माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की जगाच्या इतिहासात प्रथमच घडलेली गोष्ट माझ्या हातून घडली, आणि पुढच्याच क्षणी त्याने कॅट उचलून ती मोडून टाकली. नोंद नाही, फोटो नाही. शिवाय पर्सी डायकोनिस म्हणून एक गणिती आहेत. चौदाव्या वर्षी घर सोडून ते डाय व्हर्नन या पत्त्यांच्या उस्तादाबरोबर हिंडायला गेले आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी डेव्ह बेयर यांच्याबरोबर १९९२मध्ये दाखवून दिलं की दोन गड्ड्या करून फर्रकन एकमेकांत मिसळायची पद्धत घेतली, तरी कॅट नीट पिसला जायला सातएक वेळा पिसावं लागतं. आपली घरगुती पद्धत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. जादूगार मला दोनदा पिसू देतो. तिसऱ्यांदा हात पुढे केला की त्याला एकदम पुढची गोष्ट आठवते.

गणितापाठोपाठ पंचांग. बावन्न पानं म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू, सगळ्या पानांवरच्या आकड्यांची बेरीज ३६४, आणि जोकर धरला की ३६५. इंग्लंडात अठराव्या शतकापासून एका शिपायाची गोष्ट सांगतात, तो पत्त्यांच्या कॅटात बायबल आणि पंचांग दोन्ही वाचून दाखवतो. हा हिशोब तिथलाच. तो ऐकून आपलं मराठी सभागृहही माना डोलावतं. चार ऋतू कुठले? आपल्याकडे एक तर तीन असतात नाही तर सहा. चार मोजणारा माणूस जून महिन्यात छत्रीशिवाय बाहेर पडेल.

आणि पत्त्यांवर गोष्टच हवी तर ती सावंतवाडीला छापून नव्हे, हाताने रंगवून तयार आहे. दशावतारी गंजिफा. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पानं. खेळ दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. वेळ बघून देव बदलणारा पत्त्यांचा खेळ घरात असताना आपण शिपायाच्या चार ऋतूंवर टाळ्या वाजवतो. या पानांत राणी नाही. ही कला नामशेष व्हायला आली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. ज्या पत्त्यांत राणी नाही ते पत्ते एका राणीमुळे वाचले, याहून चांगली गोष्ट कोणत्या काळ्या शर्टवाल्याकडे आहे? पण गोल पानं फर्रकन मिसळता येत नाहीत, तेवढ्यासाठी मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे खोळंबून राहिलेले असावेत.

परदेशातला सगळ्यात गाजलेला प्रयोग मी घरी पडद्यावर बघितला. डेरेक डेलगॉडिओचा ‘इन अँड ऑफ इटसेल्फ’, दिग्दर्शक फ्रँक ऑझ. न्यूयॉर्कमध्ये तो २०१७पासून वर्षभराहून जास्त चालला आणि २०२१मध्ये त्याची फिल्म आली. आत जाताना भिंतीवर शेकडो कार्डं टांगलेली असतात, प्रत्येकावर ‘मी’ आणि पुढे एक ओळख. आपल्याला लागू पडेल ते उचलायचं. शेवटी ज्यांनी मनापासून उचललं असेल त्यांनी उभं राहायचं, आणि तो एकेकाच्या डोळ्यांत बघून सांगतो, तुम्ही अमुक. माणसं रडतात. आपल्याकडे हा प्रयोग झाला तर तिसरी घंटा भिंतीसमोरच होईल. ‘मी मध्यमवर्गीय’ हे कार्ड पहिल्या पाच मिनिटांत संपेल. ‘मी स्पष्टवक्ता’ यासाठी पुण्यात रांग लागेल. ‘मी सुखी’ हे कोणी उचललंच, तर सोबतची व्यक्ती विचारेल, ‘कधीपासून?’ आणखी म्हणजे, तिथे रोज एका प्रेक्षकाला शेवट होण्याआधीच बाहेर पाठवत. त्याने एक जाडजूड वही घरी न्यायची, शेवट काय झाला असेल तो आपल्या मनाने लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत यायचं. तिकीट आपण काढायचं आणि गृहपाठही आपणच करायचा.

तक्रारींच्या या यादीत दोन माणसं मात्र कुठेच बसत नाहीत, आणि त्याचा मला फार त्रास होतो. पहिला अमेरिकेचा रिकी जे. १९९४ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅमेटच्या दिग्दर्शनाखाली बावन्न पत्ते हेच आपले सहायक म्हणून मंचावर आणले. त्याला खरोखर जादूवेडे आजोबा होते आणि त्यांनीच त्याला नादी लावलं होतं. तरी मंचावर तो सांगायचा ते जुन्या जुगाऱ्यांच्या, लबाडांच्या आणि विसरल्या गेलेल्या जादूगारांच्या कहाण्या. त्या त्याने जुन्या पुस्तकांतून आणि कागदपत्रांतून खणून काढलेल्या असत, आणि पत्ते नुसते टेबलावर पडून राहिले असते तरी ऐकाव्याशा होत्या. मग तो साधं पान भिरकावून कलिंगडाच्या सालीत रुतवायचा. कलिंगडाला कसलाही भूतकाळ नसायचा.

दुसरा अर्जेंटिनातल्या तांदिल गावचा रेने लावांद. नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. उरलेल्या डाव्या हाताने तो जन्मभर पत्ते खेळवत राहिला आणि २०१५मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षात, वारला. लाल आणि काळी पानं तो एकाआड एक ठेवायचा आणि ती आपापली वेगळी व्हायची. याहून सावकाश करता येत नाही, असं म्हणायचा आणि पुन्हा त्याहून सावकाश करून दाखवायचा. बरोबर दमदार आवाजात गोष्ट चाललेली. आता इथे मी काय पकडणार? दुसऱ्या हातावर नजर ठेवावी, तर दुसरा हातच नाही. घाई केली म्हणावं, तर माणूस पान ठेवताना आपल्यालाच जांभई येईल इतका वेळ घेतो. त्याच्या गोष्टीत हात लपवायला जागाच ठेवलेली नसते, म्हणून ती नुसती ऐकता येते.

या दोघांमुळे मी आता प्रत्येक प्रयोगाला एकच गोष्ट बघायला जातो. जादू फसली तर मागे काय उरेल? चष्म्याच्या डबीतून भलतंच पान निघालं, सही दुसऱ्याच कोणाची निघाली, तर मास्तरांचं पुढे काय झालं हे ऐकायला माणसं बसून राहतील, की वडापावच्या रांगेत जाऊन उभी राहतील? त्यावरून कळेल, पोराकडे गोष्ट होती की नुसता हात. परीक्षा सोपी आहे, फक्त त्यासाठी जादू एकदा तरी फसायला हवी. मी पुढच्या रांगेचं तिकीट काढतो आणि आशेने बसून राहतो. पान दर वेळी बरोबर निघतं. याची दाद कुठे मागायची, ते तिकिटाच्या मागे छापलेलं नसतं.